मधला पट्टा

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत दोन घरांच्या काजूबागांमध्ये एक पट्टा पडून होता. रुंदीला पंधरा-वीस पावलं असेल, पण लांबीला चांगला. खालच्या डांबरी रस्त्यालगतच्या माळावर तो सुरू व्हायचा आणि घरांच्या मागून चढत चढत वर सड्याला भिडायचा. सातबाऱ्यावर सामाईक. आजोबांच्या पिढीत त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. पुढे काजूबीला भाव आला, पट्ट्यातल्या जुन्या चार झाडांची बी कोणी वेचायची यावरून तोंडं फिरली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे.

या हुकमाचा दोन्ही घरांनी एकच अर्थ लावला, की पट्ट्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर उद्या समोरचा वकील म्हणेल, बघा, कब्जा करायला निघाले. म्हणून गवत कापायचं नाही, पातेरा ओढायचा नाही, फांदी मोडून पडली तरी ती उचलायची नाही. असे काही पावसाळे गेले. गवत कमरेच्या वर गेलं, मधेमधे रानमोडी माजली, काजूच्या वाळक्या पानांचा थर घोट्याएवढा झाला. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बागा मात्र बेणून लख्ख ठेवलेल्या असायच्या. जो तो आपापल्या हद्दीपर्यंत कोयता चालवायचा आणि तिथे थांबायचा.

कोकणातलं गवत दिवाळीनंतर पिवळं पडायला लागतं आणि माघ सरेपर्यंत त्यात ओल म्हणून राहत नाही. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतं तो यामुळेच. पूर्वी या गवताला गिऱ्हाईक होतं. घरं शाकारायला ते लागायचं, दारोदारी गुरं होती, त्यामुळे डोंगर पौषातच निम्मा बोडका व्हायचा. आता छपरावर कौलं नाहीतर पत्रे आले, गोठे रिकामे झाले आणि कापणारे हात मुंबईला गेले. गवत तिथेच उभं वाळतं. त्यात कोणी विडीचं थोटूक टाकतो, कुणाची भाजावळ वाऱ्याने हाताबाहेर जाते, आणि कोणी तर मुद्दाम काडी लावतो, कारण जाळलं की पुढच्या साली गवत जोमाने येतं अशी समजूत अजून घट्ट आहे. वरवर ते हिरवं दिसतंही. पण जळालेल्या उतारावरची उघडी माती पहिल्या दोन-तीन पावसांत वाहून पऱ्याला जाते, रोपं मरतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी भाजतात, आणि वर्षागणिक कातळ जास्त उघडा पडत जातो. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. तरी काडी लावणारा सहसा सापडत नाही, आणि गावात ज्याला ठाऊक असतं तो बोलत नाही.

सुरेश या दोन घरांपैकी खालच्या घरचा. डोंबिवलीला राहायचा, लोअर परळला एका कंपनीत हिशेब सांभाळायचा. वडील गेल्यापासून आई वाडीत एकटी. वरच्या घरात जनाकाका, नात्याने चुलत चुलते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. सकाळी एक बाई येऊन त्यांचं अंघोळ-जेवण उरकून, म्हशीला चारापाणी करून जायची. दुपारनंतर ते एकटेच. त्यांचा मुलगा विलास नालासोपाऱ्याला. लहानपणी एका पाटीवर लिहिलेले हे दोघे चुलतभाऊ आता मुंबई मंडळाच्या बैठकीतसुद्धा समोरासमोर बसायचं टाळत.

फाल्गुन लागला की सुरेशचा जीव थाऱ्यावर नसायचा. रोज रात्री फोन. जेवलीस का, रानात गेली नाहीस ना, धूर दिसतोय का कुठे? आई म्हणायची, "धूर रोजच दिसतो रे, आज लांब आहे." मग तीच विचारायची, "तू गाडीला लोंबकळत जात नाहीस ना?" प्रत्येक फोनच्या शेवटी तो सांगायचा की पावसापर्यंत मुंबईला ये, आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, बघू.

लांबच्या माणसाची काळजी माणसाला फार पोखरते. जवळ असलेला निदान दार उघडून बाहेर बघू शकतो, हाक मारू शकतो. लांबच्याच्या हाती एक फोन असतो, आणि तो उचलला गेला नाही की मन नको तिथे धावतं. सुरेशने यावर आपल्या परीने उपाय शोधला होता. नासाचा एक नकाशा इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. जगात कुठे आग लागली की उपग्रहाला तिची ऊब कळते आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. सुरेश दिवसातून कितीदा तरी तो उघडून वाडी शोधायचा. ठिपका नसला की सुस्कारा टाकायचा आणि कामाला लागायचा.

शिमग्याला आठवडा राहिला असताना एका दुपारी चारच्या सुमारास मंडळाच्या ग्रुपवर वाडीतल्या एका पोराचा निरोप आला, "खालच्या माळावर वणवा. वारा जोरात." सुरेशने आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याने नकाशा उघडला. वाडीवर ठिपका नव्हता. त्याला जरा धीर आला. पोरं वाढवून सांगतात, असं त्याने स्वतःला समजावलं आणि अर्धवट राहिलेला हिशेब पुढे ओढला.

नकाशाचं खरं गणित त्याला ठाऊक नव्हतं. ज्या उपग्रहांवर तो विसंबून होता ते आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातात. त्यांनी पाहिलेलं नकाशावर यायला पुढे दोन-तीन तास लागतात. तीनला लागलेली आग त्या नकाशाला मध्यरात्र उलटेपर्यंत दिसणार नव्हती.

सातला दुसरा निरोप आला, "वरच्या घरचा गोठा गेला." माणसांबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतर सगळंच गप्प झालं. तारांखाली जाळ आल्यामुळे वीज बंद केली होती आणि टॉवरही बंद पडला होता, हे नंतर कळलं. ग्रुपवर तेवढ्यात विलासची ओळ उमटली, "आमच्या बाबांजवळ कोणी आहे का?" कोणी उत्तर दिलं नाही. ती ओळ तशीच पडून राहिली.

सुरेश तिच्याकडे बघत बसला. जनाकाकांच्या सगळ्यांत जवळचं माणूस म्हणजे आपली आई. आपल्या आईच्या सगळ्यांत जवळचं घर म्हणजे जनाकाकांचं. आपण रोज रात्री एकाच डोंगराकडे बघून काळजी करतोय, तोही, मीही. आणि आपल्याजवळ वाडीतला तिसरा एक नंबर नाही, कारण मागायला कधी तोंडच उरलं नाही. त्याने विलासला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आये फोन घेत नाय," सुरेश म्हणाला.

"बाबांचा बंद आहे," विलास म्हणाला. मग थोडं थांबून, "तुतारीला चल. दादरला भेट."

तुतारी एक्स्प्रेसला शिमग्याची गर्दी, बसायला जागा मिळणं शक्यच नव्हतं. दोघे जनरलच्या डब्यात संडासाशेजारी पेपर अंथरून बसले. बोलले फार कमी. चिपळूण सोडल्यावर विलासने एकदाच विचारलं, "काकीचा गुडघा कसा आहे आता?" सुरेशला उत्तर देता आलं नाही; रोज फोन करूनही गुडघ्याचं त्याने कधी विचारलं नव्हतं. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा तो काळोख, त्यात फोनला रेंज नाही. बाहेर पडल्यावर सुरेशने नकाशा उघडला आणि या वेळी लाल ठिपका दिसला.

"कुणाच्या घरावर?" विलासने विचारलं.

सुरेशने नकाशा मोठा करत नेला. पण उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन असतो. तेवढ्यात सुरेशचं घर, विलासचं घर, मधला पट्टा आणि अर्धी वाडी बसत होती. दोघांची डोकी एका पडद्यावर वाकली होती आणि त्या चौकोनातून एकाचं घर दुसऱ्याच्या घरापासून वेगळं काढता येत नव्हतं.

वाडीत काय घडलं ते असं.

माळावरचा जाळ दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर चढाला लागला. चढावर आग पळते, कारण तिची धग वरच्या गवताला आधीच सुकवून ठेवते. बेणलेल्या बागांच्या कडेला ती अडखळली. तिथे तिला खायला काही नव्हतं. मग तिला पट्टा सापडला. वाळकं गवत, रानमोडी, काजूचा पातेरा, मोडून पडलेल्या फांद्या, सगळं रचून ठेवल्यासारखं. बायका सांगतात की पट्ट्यातून येताना तिचा आवाज वेगळाच होता, सड्यावर वळीव येताना होतो तसा.

सुरेशची आई तेव्हा काजूची बोंडं पिळून बिया वेगळ्या करत होती. तिने आधी गाय सोडली आणि मग वरच्या घराकडे धावली. जनाकाका पलंगावर. म्हणाले, "तू जा. गोठ्यातली म्हस सोड आणि जा." तिने म्हैस सोडली, पण गेली नाही. एकटीला उचलणं जमेना तेव्हा शेजारच्या दोघींना आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या एका मुलीला हाक मारली. घोंगडी अंथरली, काकांना तिच्यावर घेतलं, चार टोकं चौघींनी धरली. त्या मुलीने जवळची वाट म्हणून वर सड्याकडे नेऊ असं सुचवलं. आई कडाडली, "वर नाय! आग वरच येते!" त्या आडव्या गेल्या, पाणंद ओलांडून भाताच्या कोपऱ्यांत. भात कापून गुरांनी चरून तिथली जमीन पार उघडी झाली होती, जळायला काडी नव्हती. तिथे काकांना ठेवलं. पदर भिजवून तोंडावर धरला. औषधांची पिशवी ती कंबरेला खोचूनच घेऊन आली होती. त्यांना रात्री आठची गोळी वेळेवर मिळाली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण एवढ्या धांदलीत ती आठवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

बाकी वाडी ऐनाचे, जांभळीचे हिरवे टाळे तोडून जाळ झोडपत होती. म्हातारे, बायका, पोरं. कर्ते पुरुष बोटांवर मोजण्याइतके. वनरक्षक दोन मजुरांना घेऊन आला, पाला उडवायचा ब्लोअर लावून त्याने घरांच्या मागे वाट मोकळी केली, आणि जुन्या चिऱ्यांच्या गडग्याशी शेवटी आग अडली. तोवर जनाकाकांचा गोठा, पेंढ्याची उडवी आणि दोन्ही घरांची पट्ट्याकडेची काजू-कलमं गेली होती. ऐन मोसमात, बोंडांसकट. माणूस मात्र एकही गेलं नाही.

सकाळी दोघे पोचले तेव्हा आई खळ्यात भांडी घासत होती. काळवंडलेल्या हातांवर भाजल्याचे फोड. जनाकाका तिच्याच ओटीवर झोपले होते. विलास आधी बापाजवळ गेला, त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास चालतोय याची खात्री केली आणि तिथेच खाली बसून रडला. सुरेशला मात्र रडू येण्याआधी राग आला.

"फोन का नाय घेतलास? रात्रभर मेलो ना मी!"

"घोंगडीचं एक टोक माझ्याकडे होतं," आई म्हणाली. "फोन घ्यायला हात मोकळा नव्हता."

मग त्याने नेहमीचं सांगितलं, की आता पुरे, चल मुंबईला. तिने भांडी पालथी घातली आणि त्याला मागच्या बाजूला नेलं. पट्टा खालच्या माळापासून गोठ्यापर्यंत सरळ काळा पडला होता. आत अजून काजूची खोडं धुमसत होती. रात्री दीडला उपग्रहाला दिसली ती बहुधा हीच. "मी काल मुंबईत असते तर जनाभावोजी आज नसते," ती म्हणाली. "आणि कधी मी आजारी पडले असते नि ते धडधाकट असते, तर ते आले असते. तुम्ही दोघांनी बोलणं टाकलंत, आम्ही नाय टाकलं. एकाच पाणवठ्यावर राहून टाकता येतं होय? माझी काळजी वाटते ना तुला? मग पौषात ये आणि हे गवत काप. तेव्हा कुणी येत नाय. आग लागल्यावर सगळे फोन करतात."

विलास मागे येऊन उभा होता. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

शिमग्याला चाकरमानी आले, पालखी नाचली आणि त्यानंतर देवळात बैठक बसली. भांडण बरंच झालं. काडी कोणी लावली यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आणि हाती काही लागलं नाही. वनरक्षकाने मात्र कामाचं सांगितलं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर पाठवते, नाव नोंदवा. पण तिच्या भरवशावर झोपू नका, ती येईपर्यंत वारा थांबत नाही. घराभोवतीची जमीन स्वच्छ असणं आणि शेजाऱ्याची साफ नसेल तर ती करून देणं, याला दुसरा पर्याय नाही. त्याच्या बोलण्यावर एका म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याच्या तरुणपणी पौषात सगळी वाडी मिळून जाळरेषा काढायची आणि त्या दिवशी कुणाच्या हद्दीचा विषय निघायचा नाही.

दावा आजही चालू आहे. वकिलाने सांगितलं की दोघांनी लिहून दिलं तर गवत कापल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. हे एक वाक्य विचारायला त्यांना गोठा जळण्याची वाट बघावी लागली, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. कारण असे पट्टे कोकणात गावोगाव आहेत. सामाईक म्हणून सोडलेले, वाटणी अडली म्हणून सोडलेले, मालक परगावी म्हणून सोडलेले. आगीला ते कुणाचे आहेत हे विचारायचं नसतं.

पुढच्या जानेवारीत दोघे रजा काढून आले. मंडळातले आणखी काही जण आले. पहिले दोन दिवस कोयत्याने हातांना फोड आले, कारण मुंबईच्या हातांना सवय राहिलेली नव्हती. पट्टा तळापासून सड्यापर्यंत कापून काढला. वरच्या बाजूला दहा हात रुंद जमीन दाताळ्याने ओढून लाल माती दिसेपर्यंत उघडी केली. पातेऱ्याचे लहान लहान ढीग घातले आणि ते पहाटे, दंव असताना, वारा नसताना, पिंपात पाणी भरून, वनरक्षकाला आधी कळवून एकेक करून जाळले. कापलेल्या गवताचे भारे कुणाचे, असा प्रश्न निघालाच. आईने तो तिथल्या तिथे मिटवला. उडवी जळाली ती वरच्या घरची, तेव्हा गवत त्यांच्या म्हशीला.

संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी यादी केली. वाडीत कोण कोण एकटं राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाच्या घराची किल्ली कुणाकडे, घोंगडी कुठे टांगलेली, रिक्षा कुणाची आणि ती दुपारी कुठे असते. यादीची एक प्रत देवळात लावायची, एक मुंबईच्या प्रत्येक घरी. विलास सांगत होता, सुरेश लिहीत होता. दोन रकाने पाडले होते, उचलून न्यायची माणसं आणि धावून जायची माणसं. पहिल्यात जनाकाकांच्या खाली सुरेशने आईचं नाव लिहिलं, गुडघा म्हणून.

आई चहा घेऊन आली, चष्मा लावून तिने कागद वाचला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"माझं नाव खोड तिथलं. दुसऱ्या बाजूला लिही."

सुरेशने विलासकडे पाहिलं. विलासने पेन काढून घेतलं, नाव खोडलं, धावून जायच्या माणसांत सगळ्यांत वर लिहिलं आणि पुढे तिचा मोबाइल नंबर टाकायला लागला.

"तो नको," ती म्हणाली. "तेव्हा मी उचलणार नाय. त्या शाळेतल्या पोरीच्या आईचा टाक."